कॅप्टनच्या हाताखाली

कॅप्टन पडू नयेत म्हणून जिला कामावर ठेवलं होतं, तिलाच चहा नेऊन देताना कॅप्टन पडले. आता बोला!

नशीब थोर म्हणून हाड मोडलं नाही. कोपर सोलवटलं, कंबर काळीनिळी झाली आणि चांगल्यातल्या कपाच्या ठिकऱ्या उडाल्या. लेक कामावरून, रंगाच्या दुकानातून, धावतपळत घरी पोचली, तेव्हा ती मदतनीस सोफ्यावर बसून रडत होती आणि कॅप्टन जमिनीवर बसल्या बसल्या तिची समजूत घालत होते. चहा सांडल्याबद्दल माफीही मागत होते. त्या पोरीने तरी काय करावं? सकाळी आल्यापासून हे सद्गृहस्थ तिला बसा म्हणत होते, पंखा लावू का विचारत होते, आणि ती जरा पाणी पिईपर्यंत हे भिंतीला धरून स्वयंपाकघरात पसार. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही आणि लेकीने तिला दोषही दिला नाही.

कॅप्टन म्हणजे काही फौजेतले नव्हेत. मोठ्या हॉटेलात वेटरांच्या वरचा जो माणूस असतो, कोणाला कुठलं टेबल द्यायचं ते बघणारा, दारातून आत येणाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याची भूक आणि घाई ओळखणारा, त्याला कॅप्टन म्हणतात. लेकीच्या वडिलांनी उभा जन्म एकाच हॉटेलात असा काढला. उभा म्हणजे अक्षरशः उभा, कारण कॅप्टनने गिऱ्हाइकासमोर बसायचं नसतं. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं लोटली, तरी गल्लीत सगळे त्यांना कॅप्टनच म्हणत. घराची घंटा वाजली की हातातला घास खाली ठेवून ते आधी उठणार, शर्टाची कॉलर सारखी करणार, मग दार. मग दारात वीजवाला असो की चुकून घंटा दाबलेलं शेजारचं पोर.

बायको आधीच गेली होती. लेकीने लग्न केलं नव्हतं आणि त्यावर आता कोणी चकार शब्द काढत नसे. बापलेकींचं छान चाललं होतं. मग गेल्या हिवाळ्यात कॅप्टनच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. बोलणं परत आलं, हात परत आला, डावा पाय मात्र कायमचा रुसला. डॉक्टर स्पष्टच बोलले. उठताना, चालताना कोणीतरी हाताशी हवं. एकट्याने पाऊल टाकायचं नाही. पुढच्या पडण्यात खुबा गेला तर मग अंथरूणच.

धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात होता. चहाचा प्रकार ऐकून त्याचा फोन आला. त्याच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक चांगली जागा होती, तिथली खोली महिनाअखेरीस रिकामी होणार होती आणि त्याने ती बोलून ठेवली होती. भाऊ काही वाईट नव्हता. बापावर त्याचा जीव होता, आणि लांब राहणाऱ्याचा जीव जास्तच टांगणीला लागतो. "ताई, महिनाभर बघ तू," तो म्हणाला. "जमलं तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही. नाही जमलं तर मात्र बाबांना मी घेऊन जाणार. ते पडलेले मला फोनवर ऐकायचे नाहीत."

लेक फोन ठेवून त्या खोलीचाच विचार करत बसली. बाबांना त्या खोलीत काय कमी पडलं असतं? काहीच नाही. पण तिथल्या दारात येणाऱ्याचं स्वागत करणारा दुसराच कोणी असता, आणि कॅप्टन खिडकीजवळच्या खुर्चीत जन्माचे पाहुणे होऊन बसले असते. ते तक्रार करणार नव्हते, हीच तर खरी भीती होती. कॅप्टन कधीच तक्रार करत नसत.

ती पुन्हा घरी माणसं पाठवणाऱ्या संस्थेत गेली. पहिल्या खेपेला तिने तिथे जाऊन नुसतं "कोणीतरी चांगलं माणूस द्या" एवढंच म्हटलं होतं, जसं लोक तिच्या दुकानात येऊन "कुठला तरी चांगला रंग द्या" म्हणतात. असल्या गिऱ्हाइकाला ती स्वतः कधी डबा देत नसे. कुठल्या खोलीला, ऊन किती येतं, भिंतीला ओल आहे का, सगळं खोदून विचारत असे. आणि बापाच्या बाबतीत? संस्थेच्या बाईंनी समोर बसवून विचारायला सुरुवात केली, तेव्हा हिचं पितळ उघडं पडलं. अंघोळ स्वतः करतात की पाठ चोळून लागते? खुर्चीतून उठताना हात टेकतात की ओढून घेतात? गोळ्या कोण देतं? दिवसातला कुठला वेळ कठीण जातो? एका घरात राहून हिला धड एका प्रश्नाचं उत्तर देता येईना.

बाईंनी मग सगळं उलगडून सांगितलं. जखमेची मलमपट्टी असेल, इंजेक्शनं असतील, तर शिकलेली नर्स लागते. कॅप्टनना त्याची गरज नव्हती. पायाचे व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून दोनदा वेगळा माणूस येऊन गेला तर पुरे. रात्री लेक घरात होतीच. प्रश्न होता तो फक्त ती कामावर असतानाचा. तेवढ्या वेळाला उठाबसायला हात देणारं, अंघोळीला आणि जेवणाला बघणारं माणूस हवं. दिवसरात्रीचं माणूस घेऊन उगाच घर भरून टाकू नका, असं बाई स्वतःहून म्हणाल्या. धंदा करणाऱ्या बाईने असं म्हणावं याचं लेकीला नवल वाटलं आणि तिचा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला.

दुसऱ्या खेपेला एक दणकट गडी मिळाला. कामाला चोख. त्याने आल्या आल्या स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची आडवी लावली आणि कॅप्टनना सांगून टाकलं, की काका, तुम्ही हलायचं नाही, काय हवं ते मला सांगा. कॅप्टन हलले नाहीत. त्यांनी काही मागितलंही नाही. दोन दिवसांत जेवण निम्म्यावर आलं, चार दिवसांत बोलणं बंद झालं. संध्याकाळी लेकीने खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे ते एवढंच म्हणाले, "घरात माणूस येतो आणि मी बसून राहतो. लाज वाटते गं."

लेकीने त्या गड्याचे मनापासून आभार मानले आणि त्याला निरोप दिला. त्याचं चुकलं काहीच नव्हतं. पण मग घोडं अडतंय कुठे? एक आली ती कॅप्टनना उठू देऊन चुकली, दुसरा आला तो बसवून ठेवून चुकला. महिना निम्मा सरला होता. भावाला फोन करून हात टेकले म्हणून सांगावं, असं तिच्या मनात दिवसातून दहादा येऊन जायला लागलं.

उत्तर सापडलं ते दुकानात, भर दुपारी. ती गिऱ्हाइकाच्या डब्यात थेंब मोजून रंग सोडत होती. मालक मागे स्टुलावर बसून डबा खात होते. पुढच्या दाराने कोणी आत आलं, तसा मालकांनी झाकण लावलं, हात पुसले, उठून उभे राहिले आणि या या म्हणाले. ते गिऱ्हाईक गेलं. मालक पुन्हा जेवायला बसतात न बसतात, तोच मागच्या दाराने मालाच्या गाडीवरचा माणूस आत शिरला. मालकांनी मानसुद्धा वर केली नाही. तोंडातला घास चावत कोपरानेच कोपरा दाखवला, तिकडे ठेव म्हणून. तो माणूसही ठेवून, हसून, मालकांच्या डब्यातलं काहीतरी उचलून तोंडात टाकून गेला. कोणाचा अपमान नाही, कोणाचं आदरातिथ्य नाही. दोघं एकाच दुकानाचे.

लेक डबा मिसळायच्या मशीनला लावून तशीच उभी राहिली. मशीन घरघरत राहिलं. तिला स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. अगं, हॉटेलात पुढच्या दाराने येतो तो पाहुणा आणि भटारखान्याच्या दाराने येतो तो आपला माणूस, हे तर ती फ्रॉक घालायची तेव्हापासून ऐकत आली होती. आणि आपण काय केलं? दोन्ही वेळा माणसाला पुढच्या दाराने आत घेतलं. सोफ्यावर बसवलं. चांगले कप काढले. "हे आमचे बाबा" म्हणून ओळख करून दिली. कॅप्टनच्या घरात असं शिरलेल्या माणसासमोर कॅप्टन बसून कसे राहणार? तो त्यांच्या जन्माचा धर्म होता. असली चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती आणि झाली असती तरी तिचं एवढं वाकडं झालं नसतं.

ती तडक संस्थेत गेली. पुढचं माणूस स्वयंपाकघराच्या दाराने, अंगणातून आत येईल का, आणि मी तुमच्याकडे कामाला आलेय असं कॅप्टनना सांगेल का, असं तिने विचारलं. संस्थेच्या बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मला पटतंय, पण मागच्या दाराने ये असं एखाद्याला सांगणं त्याच्या जिव्हारी लागू शकतं. ते मी सांगणार नाही. तुम्हीच विचारा. मग त्यांनी आतून एकीला बोलावलं.

उंचीने बेताची, खांद्यांनी रुंद. आधी बेकरीत पहाटेच्या पाळीला होती, मग आजारी सासूचं सगळं केलं, मग रीतसर शिकून या कामाला लागली. लेकीने तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती ऐकून म्हणाली, "मागच्या दाराने यायला माझी हरकत नाही, ताई. बेकरीत पुढचं दार मी कधी पाहिलंच नव्हतं. फक्त दुपारी जेवायला मी टेबलाशी बसणार. आणि एक दिवस मागच्याच दाराने हाकलून द्यायचं नाही."

लेक आता शहाणी झाली होती. तिने विचारायचं ते सगळं विचारून घेतलं. हिची सुट्टी असेल तेव्हा कोण येईल, अडचण आली तर फोन कोणाला करायचा, आठवडाभर बघून मग पक्कं करता येईल का. आणि शेवटी म्हणाली, बाबांना खुर्चीतून कसं उठवाल ते मला दाखवा. त्यावर तिने लेकीलाच खुर्चीत बसवलं. डावा पाय सैल सोडा म्हणाली, तळवे मागे घ्या, आता पुढे वाका, नाक पायांच्या बोटांवर येऊ द्या. पाठीमागून एक हात आला, काखेत न खुपता कमरेशी विसावला, आणि लेक अलगद उभी राहिली. कित्येक महिन्यांत तिचं वजन दुसऱ्या कोणी तोललं नव्हतं. तिला एकदम रडू फुटलं. संस्थेच्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि कोणी काही विचारलं नाही. त्या न विचारण्याबद्दल लेक त्या दोघींची जन्मभर ऋणी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पाव खात बसले होते. अंगणाकडचं दार ढकलून ती आत आली, खुंटीवरचा एप्रन काढून तिने कमरेला बांधला आणि म्हणाली, "कामावर आलेय, कॅप्टन."

लेक कोपऱ्यातून बघत होती. कॅप्टनचा हात कॉलरकडे गेला नाही. ते उठले नाहीत. त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि पाव चावत म्हणाले, "नवीन का? नखं दाखव."

हॉटेलात नव्याने आलेल्या प्रत्येकाला ते "नवीन" म्हणत. नावं विचारत बसायचे नाहीत, कारण निम्मे आठवड्याभरात पळून जात. तर ही नवीन लागली कामाला. कॅप्टन खुर्चीत बसून हुकूम सोडायला लागले. चमचा असा नाही, तसा. पेला काठाशी धरायचा नाही. पाठ दाखवून निघून जायचं नाही. कित्येक महिन्यांनी त्या घरात कोणीतरी कोणालातरी रागावत होतं. लेकीला तो आवाज इतका गोड लागला, की कामावर जायला उशीर झाला तरी ती दाराशी रेंगाळली.

आता कोणी म्हणेल, मग कॅप्टन चालायचे कधी? नवीनने त्यावर आपली युक्ती काढली होती. टेबलापासून न्हाणीघरापर्यंत, न्हाणीघरापासून पलंगापर्यंत, जायची वेळ आली की ती हातात एखादा ट्रे घ्यायची आणि म्हणायची, कॅप्टन, ट्रे घेऊन माझा तोल जातो, जरा मला धरता का? कॅप्टन पुटपुटत उठायचे. एक हात तिच्या खांद्यावर टाकायचे, तिचा मोकळा हात त्यांच्या कमरेमागे जायचा, आणि ही जोडगोळी खोलीभर फिरायची. पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा तिला चालायला शिकवतोय. अंघोळीलाही तेच. गरम पाण्याचा अंदाज मला येत नाही, तुम्ही बसून सांगा, असं म्हणून ती त्यांना स्टुलावर बसवायची आणि सांगता सांगता त्यांची पाठ चोळून व्हायची. दुपारी ठरल्याप्रमाणे ती टेबलाशी जेवायला बसे, आणि कॅप्टन तिला सूप पिताना आवाज होतो म्हणून बोलत. तीही मग एखादा घोट मुद्दाम जोरात घ्यायची. व्यायामाला येणाऱ्या माणसाने एक दिवस लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, पायात जोर फार येणार नाही, पण माणूस पुन्हा माणसात आलाय.

लेकीच्या मनाला मात्र एक टोचणी होती. आपण बाबांना फसवतोय, असं तिला वाटे. तिने नवीनला तसं बोलूनही दाखवलं. नवीन म्हणाली, मीही त्याच विचारात असते. एक दिवस त्यांनी थांब म्हटलं, तर मी थांबेन.

महिनाअखेर आली. खोलीचं पक्कं करायचा शेवटचा दिवस, आणि धाकटा भाऊ स्वतः आला. लेकीची सकाळपासून पाचावर धारण बसली होती. एक तर त्या दिवशी कॅप्टनचा पाय फारच अडला होता. थंडी पडली की तसं होई. त्यात पोरगा येणार तो पुढच्या दाराने, बॅग घेऊन, लांबून. त्याच्याहून मोठा पाहुणा कुठला? घंटा वाजली, की कॅप्टन ताडकन उठणार आणि त्याच्या डोळ्यांदेखत पालथे पडणार, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

घंटा वाजली. लेकीने दार उघडलं. आतल्या टेबलाशी बसलेल्या कॅप्टनना दारातला पोरगा दिसला, आणि पोराला ते. कॅप्टननी कॉलर सारखी केली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकले. नवीन त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली, नेहमीसारखा ट्रे घेऊन, आणि नेहमीसारखं म्हणाली, की कॅप्टन, मला जरा धरता का, माझा तोल जातो.

कॅप्टन थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग दारातल्या पोराकडे.

"ट्रे ठेव," ते म्हणाले. "आज तू मला धर. माझा पाय चालत नाही."

लेकीने आपल्या आयुष्यात बापाच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. पाय गेला त्या दिवशी इस्पितळातसुद्धा नाही. नवीनने ट्रे टेबलावर ठेवला. तळवे मागे, नाक पुढे, कमरेशी हात. कॅप्टन उभे राहिले. दोघं हळूहळू बाहेरच्या खोलीत आली, आणि कॅप्टननी पोराच्या गालाला हात लावला, बस म्हणाले, आणि स्वतः त्याच्याआधी सोफ्यावर बसले.

पोरगा त्यांच्याकडे वाकला. बहिणीकडून फोनवर त्याला नवीनच्या तऱ्हा कळल्या होत्या. तो हळूच म्हणाला, "बाबा, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी जन्मभर काय केलं रे?" कॅप्टन म्हणाले. "म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या हाताखाली खुर्ची सरकवायची आणि ती त्याने स्वतःच ओढली असं त्याला वाटू द्यायचं. पोरांना शिकवून शिकवून थकलो, कोणाला जमलं नाही. हिला कोणी न शिकवता जमतं. पहिल्या दिवशीच कळलं मला. इतकं छान करत होती, मोडायचा जीव होईना." ते जरा दम घेऊन म्हणाले, "पण आज म्हटलं, पोरगा बघतोय. त्याला दिसू दे मला धरावं लागतं ते. आणि धरणारं माणूस घरात आहे, तेही दिसू दे."

नवीन आत निघून गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, पण भांडी घासल्याचा आला नाही. लेक तिच्या मागे गेली, तर ती तोंडावर पाणी मारत उभी होती. लेकीने तिचे दोन्ही ओले हात आपल्या हातात धरले. फार उपकार झाले तुमचे, हे ती कधीपासून म्हणायचं म्हणत होती, ते आता म्हणाली, आणि मग दोघींनी एकमेकींना रडून घेऊ दिलं.

बाहेरच्या खोलीत भावाने खिशातून फोन काढला. समोरच्याला त्याने आपलं नाव सांगितलं, खोली कोणाला हवी असेल तर देऊन टाका म्हणाला, आणि बापाशेजारी जाऊन बसला.